घोडाशक्तीआधी मागची फळी

समुद्र मराठवाड्यापासून शेकडो किलोमीटर दूर, तरी होडीच्या यंत्रावर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींना नवल वाटले असेल. पण विष्णुपुरीचा फुगवटा, लिंबोटी, इसापूर आणि लातूरची तहान भागवणारे धनेगावचे मांजरा धरण या पाण्यांवर भोई समाजाची मासेमारी चालते. तिथे जुन्या होडीला आउटबोर्ड मोटर लावायची म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'किती घोड्यांची?' माझे म्हणणे असे की हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी होडीची मागची फळी ते ओझे पेलेल का, आणि पाणी आटल्यावर यंत्राची निगा कोण राखणार, हे ठरवावे.

वल्ह्यासाठी बांधलेल्या होडीचा सारा भार मधोमध असतो. तिच्या मागच्या टोकाला चाळीसेक किलोचे यंत्र टांगले की नाळ वर उठते आणि मागून पाणी आत येऊ लागते. शिवाय पंखा फळीच्या खाली, पाण्यातून जोर लावतो. त्यामुळे पकडीचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा मागे उपटला जातो. आतून कुजलेली फळी नेमकी वरच्या काठाशी फुटते. म्हणून आतून जाड लाकडाचा जोड द्यावा, आरपार बोल्ट घालून मागे पत्र्याच्या पट्ट्या बसवाव्यात, भोके डांबराने बुजवावीत आणि यंत्राला साखळी बांधावी. दांड्याची लांबीही पाहावी. आखूड दांडा साधारण १५ इंच उंचीच्या फळीसाठी, लांब २० इंचांसाठी. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि यंत्र नुसते ओरडते.

यावर तरुण म्हणतील, मोठी मोटर घेतली तर वादळात लवकर काठ गाठता येईल. पण पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. सोळा फुटी होडी ताशी दहा किलोमीटरच्या आसपास पोचली की पुढची शक्ती लाटा उठवण्यात जाते, आणि एवढ्या वेगाला चार-पाच घोड्यांचे यंत्र बहुधा पुरते. वाऱ्यासमोर लागतो तो वेग नव्हे, रेटा. तो कमी पिचच्या, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणाऱ्या पंख्याने मिळतो. जुन्या होडीला यंत्र लावण्याचा अनुभव केरळाने घेतलेला आहे. तिथे १९५३ साली नींदकरा येथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला, तेव्हा जुन्या होड्यांना यंत्र जोडण्याचे प्रयत्न फसले आणि नव्या बांधणीच्या होड्या आणाव्या लागल्या. पुढे १९८० च्या दशकात तिथल्या पारंपरिक होड्यांवर आउटबोर्ड आल्या आणि घोडाशक्तीची चढाओढ लागली. इंधनाचा खर्च मिळकत खाऊ लागला. मग नवीच फायबरची होडी घ्या, असे कुणी म्हणेल. ऐपत असेल तर जरूर घ्यावी. पण मासेमारीच्या ठेक्याची रक्कम आणि धरणात सोडायच्या बोटुकल्यांचा खर्च भागवून उरणाऱ्या पैशांत ते क्वचितच बसते.

आता निगा. खाऱ्या पाण्याचा गंज इथे नाही म्हणून यंत्र आपोआप टिकेल, हा समज खोटा आहे. आपल्याकडे शत्रू आहे गाळ. पाणी खेचणाऱ्या पंपातले रबरी चक्र तो घासून टाकतो. यंत्रातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली की समजावे. तळातल्या बाभळीच्या खुंटावर पंखा आदळला तर त्याची पिन तुटते आणि गिअर वाचतो. त्या जागी खिळा ठोकणे म्हणजे स्वस्तात गिअर मोडणे. पंख्यामागे जाळ्याचा दोरा गुंतला तर सील कापते आणि गिअरचे तेल दुधाळ होते. पण सर्वांत मोठी हानी रिकामेपणाने होते. मांजरा २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे होते आणि मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच धरणाचे दरवाजे २०२१ च्या सप्टेंबरात उघडावे लागले. कोरड्या काळात असे वर्षभर पडून राहिलेल्या यंत्राच्या कार्ब्युरेटरात जुने पेट्रोल चिकट होऊन बसते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतली ओल ओढते. म्हणून पाणी उतरताच पेट्रोलच्या टाकीची नळी काढून यंत्र थंड पाण्याच्या टाकीत बंद पडेपर्यंत चालवावे, गिअरचे तेल बदलावे, सिलिंडरात थोडे तेल सोडावे आणि यंत्र उभेच टांगून ठेवावे. हे एकट्या मच्छीमाराने करावे अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. खरेदीला अनुदान मिळते, पण फळीच्या जोडाला आणि रबरी चक्राला कोण देणार? सहकारी संस्थेने उतरत्या पाण्याच्या महिन्यात सगळी यंत्रे एकत्र उघडली, सुटे भाग घाऊक आणले आणि एका कारागिराला हंगामाची मजुरी ठरवून दिली, तर तो खर्च प्रत्येक होडीमागे पेलण्याजोगा होईल.