हळदीचे बेणे आणि उत्परिवर्तन

हिंगोली जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी सेलम हळद बियांपासून येत नाही. हळदीच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन नव्हे, तर तीन संच असतात. एकूण गुणसूत्रे ६३. संच विषम असल्यामुळे त्यांची सारखी वाटणी होत नाही आणि फुलोरा आला तरी सहसा बी धरत नाही. त्यामुळे दोन वाणांच्या संकरातून नवा वाण काढण्याचा मार्ग येथे जवळजवळ बंद आहे. एका गड्ड्याच्या बेण्यातून वाढलेले शेत म्हणजे एकाच झाडाचा विस्तार होय. कंदकुजीसारखा रोग आला, की अशा शेतातील सर्व झाडे सारखीच दुबळी ठरण्याचा धोका असतो.

मग वेगळेपण येते कोठून? त्याचा उगम उत्परिवर्तनात, म्हणजे जनुकातील आकस्मिक बदलात आहे. सातबाऱ्याची नक्कल करताना एखादा आकडा चुकावा आणि पुढील प्रत्येक नकलेत तोच उतरावा, तसाच हा प्रकार. पेशीविभाजनाच्या वेळी असे दोष आपोआप घडतात; अतिनील किरण, क्ष-किरण, गॅमा किरण व काही रसायने त्यांचे प्रमाण वाढवितात. क्ष-किरणांचा हा परिणाम हर्मन मुलर यांनी १९२७ मध्ये फळमाशीवर सिद्ध केला.

माणसाच्या त्वचेतील पेशीत घडलेला बदल अपत्यात जात नाही. हळदीचे तसे नाही. गड्ड्याच्या डोळ्यात बदल झाला, तर तो बेण्यावाटे पुढील पिढीत उतरू शकतो. मात्र बरेचसे बदल निरुपयोगी वा हानिकारकच असतात. पाने पांढरी पडतात, वाढ खुंटते. लाभदायक बदल विरळा; म्हणून हजारो झाडांतून एखादे निवडावे लागते. तमिळनाडूतील भवानीसागर येथे इरोड स्थानिक हळदीवर क्ष-किरणांचा प्रयोग करून बी.एस.आर.-१ हा वाण मिळविण्यात आला, तो असाच.

महाराष्ट्राला ही पद्धत नवी नाही. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा टी.जी.-१ हा टपोऱ्या दाण्याचा भुईमूग १९७३ मध्ये प्रसारित झाला. त्याच केंद्राने अकोल्याच्या कृषी विद्यापीठासमवेत टी.ए.एम.एस.-३८ हा सोयाबीनचा वाण काढला. किरणांचा मारा झालेले धान्य विषारी होते, ही समजूत निराधार आहे. गॅमा किरण बियाण्यात साठून राहत नाहीत.

तथापि शेतातील प्रत्येक वेगळे झाड म्हणजे उत्परिवर्तन नव्हे. चुनखडीच्या जमिनीत लोहाअभावी पाने पिवळी पडतात, पाणी साचल्यास कंद कुजतात. ते जमिनीचे दोष होत. शेजारची झाडे रोगाने कोलमडली असता एखादे झाड तग धरून उभे असेल, तर काढणीच्या वेळी त्याचे जेठे गड्डे व बगल गड्डे खुणेने निराळे ठेवावेत आणि पुढील हंगामात नेहमीच्या सेलमशेजारी, त्याच मशागतीत लावावेत. डोळ्यातील काही पेशी बदललेल्या आणि काही मूळच्याच असू शकतात. त्यामुळे गुण स्थिरावला की नाही, हे कळण्यास तीन-चार हंगाम जातात. तेवढ्या अवधीत गुण टिकला, तर असे बेणे वसमत येथील हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या नजरेस आणून देणे इष्ट ठरेल.