फिलाडेल्फियन्सचा दुसरा डाव



२०२१ च्या जुलैअखेर अमेरिकेत ‘मायनर लीग क्रिकेट’ नावाची वीस षटकांची स्पर्धा सुरू झाली. देशभरातले २७ संघ त्यात उतरले. सिलिकॉन व्हॅली स्ट्रायकर्स, न्यू जर्सी स्टॅलियन्स, सिअ‍ॅटल थंडरबोल्ट्स अशी बहुतेकांची नावं आजच्या पद्धतीची, दणदणीत. त्या यादीत एक नाव मात्र साधं होतं, ‘द फिलाडेल्फियन्स’. हे नाव नवं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच नावाचा एक संघ इंग्लंडच्या कौंटी संघांना त्यांच्याच मैदानावर हरवत होता. तो संघ कसा उभा राहिला, का संपला आणि त्याचं नाव आज पुन्हा का घेतलं जातंय, हे आज सांगायचं आहे.

अमेरिकेत क्रिकेट आपल्याकडच्या मंडळींनी नेलं, असा अनेकांचा समज असतो. पण जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना झाला तो न्यूयॉर्कमध्ये, १८४४ साली, अमेरिका आणि कॅनडा यांच्यात. पहिला कसोटी सामना व्हायला त्यानंतर ३३ वर्षं जायची होती. एखाद्या देशाचा संघ समुद्र ओलांडून क्रिकेटच्या दौऱ्यावर गेला असं प्रथम घडलं १८५९ साली. जॉर्ज पारच्या नेतृत्वाखाली इंग्लंडचे खेळाडू गेले, तेही उत्तर अमेरिकेतच.

फिलाडेल्फियात हा खेळ रुजवला तो कामकरी माणसांनी. शहराच्या जर्मनटाउन भागातल्या कापडगिरण्यांत इंग्लंडहून आलेले कामगार होते. सुटीच्या वेळी ते खेळत आणि गावची मुलं बघत बघत शिकत. जवळच्या हॅवरफोर्ड कॉलेजमध्ये १८३० च्या दशकात विल्यम कार्व्हिल नावाच्या इंग्लिश माळ्याने विद्यार्थ्यांच्या हाती बॅट दिली. पुढे १८५४ मध्ये फिलाडेल्फिया क्रिकेट क्लब आणि जर्मनटाउन क्रिकेट क्लब स्थापन झाले. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानंतर बेसबॉलने बाकी अमेरिका व्यापली, पण फिलाडेल्फियाने क्रिकेट सोडलं नाही. १८७७ पासून ‘द अमेरिकन क्रिकेटर’ हे नियतकालिक तिथून निघू लागलं. १८८० पासून शहरातले क्लब हॅलिफॅक्स कपसाठी दरवर्षी एकमेकांशी झुंजू लागले. क्लबाक्लबांतल्या या चुरशीतूनच निवडक खेळाडूंचा फिलाडेल्फियन्स संघ घडत गेला.

या संघाची ताकद १८९३ साली सगळ्यांना कळली. इंग्लंडचा दौरा आटोपून ऑस्ट्रेलियाचा संघ अमेरिकामार्गे परतत होता. फिलाडेल्फियाने त्यांच्याविरुद्ध ५२५ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाला एक डाव आणि ६८ धावांनी हरवलं.

त्या संघात एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा होता, जॉन बार्टन किंग. सगळे त्याला बार्ट किंग म्हणत. तो सुरुवातीला बेसबॉल खेळायचा. गोलंदाजीला येताना तो चेंडू दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलायचा, अगदी बेसबॉलमधल्या पिचरसारखा, आणि मग उंचावरून वेगाने सोडायचा. बेसबॉलमध्ये चेंडू हवेत वळवायची विद्या त्याने आत्मसात केली होती, तीच त्याने क्रिकेटमध्ये आणली. सरळ येतोय असं वाटणारा चेंडू शेवटच्या क्षणी झपकन आत शिरायचा. आज ज्याला आपण स्विंग म्हणतो, ती कला हेतुपुरस्सर आणि सातत्याने वापरणाऱ्या पहिल्या काही गोलंदाजांत त्याची गणना होते.

१८९७ च्या जूनमध्ये फिलाडेल्फियन्स इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना ब्रायटनला ससेक्सविरुद्ध सामना होता. ससेक्सकडून खेळत होते आपले रणजितसिंहजी. आदल्याच वर्षी इंग्लंडकडून पदार्पण करताना त्यांनी नाबाद १५४ धावा केल्या होत्या आणि अवघं इंग्लंड त्यांच्या फलंदाजीवर फिदा होतं. किंगने त्यांचा पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. ससेक्सचा डाव ४६ धावांत संपला. किंगने १३ धावांत ७ बळी घेतले आणि फिलाडेल्फियन्सनी सामना जिंकला. १९०८ च्या दौऱ्यात त्याने ८७ बळी मिळवले, सरासरी ११.०१. त्या मोसमात साऱ्या इंग्लंडमध्ये गोलंदाजीच्या सरासरीत तो पहिला आला. एवढी कमी सरासरी इंग्लंडच्या मोसमात पुन्हा दिसायला १९५८ साल उजाडलं.

श्रोतेहो, किंग आला कुठून, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. संघातले बहुतेक जण शहरातल्या धनिक, नामांकित घराण्यांतले होते. किंगचं घर तसं नव्हतं, त्याच्या वडिलांचा लिननचा व्यवसाय होता. तो वर आला तो टायोगा या लहानशा क्लबातून. असा एखादा क्लब घराजवळ नसता, तर हा मुलगा बेसबॉलमध्येच राहिला असता आणि जगाला त्याचं नाव कळलंही नसतं.

पुढे नेमक्या याच वाटा बुजत गेल्या. क्रिकेट मोठ्या क्लबांच्या कुंपणाआत राहिलं. सामान्य माणसाला दोन-तीन तासांत निकाल देणारा बेसबॉल जवळचा वाटला, दिवस-दिवस चालणाऱ्या खेळासाठी त्याच्याकडे सवड नव्हती. १९०९ मध्ये इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांनी इम्पीरियल क्रिकेट कॉन्फरन्स स्थापन केली. ती ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांपुरती होती, त्यामुळे अमेरिकेला तिथे जागाच नव्हती. १९१३ नंतर फिलाडेल्फियन्सचे मोठे सामने थांबले. १९२६ मध्ये हॅलिफॅक्स कप बंद पडला, १९२९ मध्ये ‘द अमेरिकन क्रिकेटर’ही. क्लबांनी टेनिस आणि गोल्फला जवळ केलं. १९२१ ते १९२३ अशी तीन वर्षं अमेरिकेची पुरुषांची राष्ट्रीय टेनिस स्पर्धा भरली, ती जर्मनटाउन क्रिकेट क्लबच्या हिरवळीवर. क्लबाच्या नावात क्रिकेट उरलं, मैदानावर जाळी आली. बार्ट किंग १९६५ पर्यंत फिलाडेल्फियात हयात होता. आपला खेळ आपल्याच शहरात विसरला गेलेला त्याने पाहिला.

खेळ पूर्ण मेला मात्र नाही. हॅवरफोर्ड कॉलेजने तो टिकवला. तिथे आजही क्रिकेटचा संघ आहे आणि क्रिकेटचं एक मोलाचं ग्रंथालयही आहे. पुढे वेस्ट इंडिजमधून, भारत-पाकिस्तानातून, श्रीलंका-बांगलादेशातून माणसं आली. सार्वजनिक बागांच्या कोपऱ्यात मॅट अंथरून ती शनिवार-रविवारी खेळू लागली. एकेकाळी गिरणी कामगारांनी जे केलं, तेच या नव्या स्थलांतरितांनी केलं.

मायनर लीगचं महत्त्व इथे आहे. बागेत खेळणारा पोरगा आणि देशाचा संघ यांच्यामधली पायरी तिथे नव्हती, ती या लीगने घातली. पहिल्याच वर्षी सिलिकॉन व्हॅली स्ट्रायकर्सनी विजेतेपद मिळवलं, पुढच्या वर्षी सिअ‍ॅटल थंडरबोल्ट्सनी. सिअ‍ॅटलचा कर्णधार होता हरमीत सिंग, मुंबईत घडलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात तो अमेरिकेकडून खेळला. त्याच संघात मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर होता. पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून त्यानेच अमेरिकेला विजय मिळवून दिला. हे दोघे मुंबईच्या मैदानांवर तयार होऊन गेले. शालेय गाईल्स आणि हॅरिस शील्डपासून भर पावसात रंगणाऱ्या कांगा लीगपर्यंत पायऱ्यांमागून पायऱ्या मुंबईत आहेत. खेळाडू तिथूनच घडतो.

अमेरिकेतल्या अडचणी सरलेल्या नाहीत. तिथली जुनी क्रिकेट संघटना आयसीसीने २०१७ मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी आलेली नवी संघटनाही २०२५ मध्ये निलंबित केली. चांगल्या खेळपट्ट्या थोड्या आहेत, आणि खेळ बहुतांशी स्थलांतरितांच्या घरांतच आहे. फिलाडेल्फियन्स हे नाव टिकायचं असेल, तर तिथेच जन्मलेल्या, कुठल्याही घरातल्या मुलाला खेळायला मैदान आणि वर चढायला वाट मिळाली पाहिजे.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं आज अमेरिकेत आहेत. फोनवर बोलाल तेव्हा त्यांना एवढं जरूर सांगा: तुमच्या शहरात मायनर लीगचा सामना असेल तर बघायला जा, आणि जाताना शेजारच्या अमेरिकन मुलालाही सोबत न्या. फिलाडेल्फियाने खेळाडू कमी पडले म्हणून क्रिकेट गमावलं नाही, नवी मुलं मैदानावर यायची थांबली म्हणून गमावलं.