हैफाचा संप आणि त्यानंतर



आज आपल्यापुढे महागाई भत्त्याचा विषय आहे, रिकाम्या जागांचा आहे, पेन्शनचा आहे. एवढे असताना इस्रायल आणि पॅलेस्टाईनचा ठराव कशाला, असे काही सभासदांनी आम्हाला विचारले. दुसरे म्हणाले, ठराव करायचाच तर दहशतवादाविरुद्ध करा, सैन्याला त्यात कशाला ओढता? तिसऱ्यांचे म्हणणे उलट. सैन्याचा निषेध करा, पण जे चिरडले गेले त्यांच्या हातातल्या बंदुकीचा हिशेब आपण मागू नये. तिघेही आपलेच आहेत, तेव्हा तिघांनाही उत्तर दिले पाहिजे.

पहिल्याचे उत्तर आपल्या दोन खात्यांतच आहे. पॅलेस्टाईनवर इंग्रजांचे राज्य असताना, ९ एप्रिल १९४६ रोजी, तेल अवीवच्या टपाल कामगारांनी काम बंद केले. त्यांच्यामागोमाग तारखाते आले, रेल्वे आली, सरकारी कचेऱ्या आल्या. अरब आणि ज्यू मिळून वीस हजारांहून अधिक सरकारी नोकर एकाच संपात उतरले. मागण्या पगाराच्या आणि महागाई भत्त्याच्या, म्हणजे आपल्या ओळखीच्याच. सुमारे दोन आठवडे संप चालला आणि सरकारला बऱ्याच मागण्या मान्य कराव्या लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्याकडचे पोस्टमन संपावर गेले. २९ जुलैला त्यांच्या पाठिंब्यासाठी सारे कलकत्ता बंद झाले, हिंदू-मुसलमान कामगार एका मोर्चात चालले. त्यानंतर अठरा दिवसांनी त्याच शहरात जी कत्तल सुरू झाली, ती आम्ही नव्याने सांगायला नको.

पॅलेस्टाईनातही तसेच झाले. संपाला तीन महिने होत नाहीत तोच, २२ जुलैला, जेरुसलेमच्या किंग डेव्हिड हॉटेलात बाँब फुटला. इंग्रज सरकारच्या कचेऱ्या तिथे होत्या. बाँब इर्गुन या ज्यू संघटनेने ठेवला होता. ९१ माणसे मेली, त्यांत अरब होते, इंग्रज होते आणि ज्यूही होते.

पण आम्हाला जी गोष्ट विशेष सांगायची आहे ती हैफाच्या तेल शुद्धीकरण कारखान्याची. तिथे अरब आणि ज्यू कामगार एकाच आवारात राबत. ३० डिसेंबर १९४७ रोजी फाटकाबाहेर रोजगारासाठी उभ्या असलेल्या अरब माणसांच्या गर्दीवर इर्गुनच्या लोकांनी बाँब फेकले. सहा मेले, चाळीसएक जखमी झाले. बातमी आत पोहोचली आणि अरब कामगार आपल्याच कारखान्यातल्या ज्यू कामगारांवर तुटून पडले. ३९ ज्यू कामगार मारले गेले. दुसऱ्या दिवशी रात्री हगाना या ज्यू सैन्यदलाच्या तुकड्या बलद अल-शेख गावात शिरल्या, कारण तिथे या कारखान्याचे पुष्कळ कामगार राहत. घराघरांत गोळ्या घातल्या. दीड दिवसात दहशतवाद, जमावाची हिंसा आणि लष्करी कारवाई, तिन्ही होऊन गेले. यातला प्रत्येक जण म्हणत होता की आम्ही फक्त उत्तर दिले. फाटकाबाहेरच्या रांगेत उभा असलेला माणूस कोणाला काय बोलला होता?

पुढचे थोडक्यात सांगतो. ३१ मार्च १९४८ रोजी कैरो-हैफा गाडीखाली सुरुंग उडाला आणि ४० अरब प्रवासी मेले. जुलैमध्ये इस्रायली सैन्याने लिडा शहर घेतले आणि तिथल्या हजारो अरबांना भर उन्हात पायी हाकलून दिले. लिडा म्हणजे त्या देशातले मोठे रेल्वे जंक्शन. गाड्या चालवायला माणसे हवीत म्हणून काही रेल्वे कामगारांना तेवढे राहू दिले! त्या शहराला आज लोद म्हणतात. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायली तिथे वस्ती करून आहेत, त्यांच्या जुन्या पिढीतल्या कित्येकांनी रेल्वेत आणि टपालात नोकऱ्या केलेल्या. म्हणजे या भांडणात दोन्ही बाजूंना आपली माणसे आहेत.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. दहशतवाद काय असतो हे मुंबईच्या रेल्वे कामगाराला शिकवावे लागत नाही. २००६ साली लोकलमधले बाँब आपण पाहिले. २००८ साली छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार झाला आणि त्याच रात्री नरिमन हाऊसमध्ये ज्यू माणसांना ओलीस धरून मारले. म्हणून ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये घुसून सुमारे १,२०० माणसे मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेले, त्याला आम्ही लढा म्हणणार नाही. मारलेल्यांत शेतावर मजुरी करणारे थायलंडचे कामगारही होते. आणि त्यानंतर गाझावर जे विमानांनी केले त्याला आम्ही संरक्षण म्हणणार नाही. तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीत २०२५ मध्येच मृतांचा आकडा ६० हजारांच्या पुढे गेला होता. गणवेश घातला म्हणून मेलेले मूल कमी मेले असे होत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या फौजदारी न्यायालयाने इस्रायलच्या पंतप्रधानांवर वॉरंट काढले आणि हमासच्या लष्करी प्रमुखावरही काढले. कायद्याला जे एका दिवशी जमले ते आपल्या शाखेला का जमू नये?

दोन्ही बाजूंची ताकद सारखी आहे असे आम्ही म्हणत नाही. १९६७ पासून वेस्ट बँक ताब्यात ठेवणारा एकच आहे. युद्धाआधी तिथले दीड लाखाच्या आसपास मजूर पहाटे नाक्यावर रांग लावून इस्रायलमध्ये कामाला जात, गाझातून आणखी हजारो. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचे परवाने एका फटक्यात बंद झाले. त्या रिकाम्या जागांवर आपल्याकडून गवंडी, सुतार नेण्यासाठी भरती निघाली. महिना एक लाख सदतीस हजार रुपये ऐकून हरियाणा-उत्तर प्रदेशातली पोरे रांगेत उभी राहिली. अनेक केंद्रीय कामगार संघटनांनी विरोध केला तो बरोबरच होता, पण त्या पोरांना दोष देण्याचे धाडस आमच्याने होत नाही. घरी काम असते तर कोण जातो? मार्च २०२४ मध्ये लेबनॉनमधून आलेल्या क्षेपणास्त्राने उत्तर इस्रायलमधल्या शेतावर केरळचा एक कामगार मारला. कोणाच्या तरी जागेवर गेला आणि कोणाच्या तरी सूडात मेला.

ठरावाचा मसुदा दाराशेजारच्या फलकावर लावला आहे. त्यात ७ ऑक्टोबरचे वाक्य आहे आणि गाझाचेही आहे. दोन्ही वाक्ये गाळण्याच्या सूचना आल्या होत्या, वेगवेगळ्या लोकांकडून. कार्यकारिणीने दोन्ही ठेवली आहेत. कोणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर ती लेखी द्यावी, चहानंतर मतदान घेऊ.