बंदुकीचा धक्का

पीकरक्षणाची ठासणीची बंदूक खांद्याला मारते. मग नळीच्या तोंडाला ‘मझल ब्रेक’ लावावा का? तो रायफलीसाठी. पुढे जाणारा वायू तो बाजूला वळवतो. धक्का कमी होतो, पण शेजारच्या माणसाच्या कानावर आवाज आदळतो. आपण दारू तोंडातूनच ठासतो, तिथं त्याचा उपयोग नाही.

त्यापेक्षा दारू मापानंच भरा. जास्त दारू म्हणजे जास्त धक्का, आणि नळी फुटायची भीती. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट टेकवा. डावा पाय पुढे, अंग थोडं पुढे झुकलेलं. दस्त्याला रबरी गादी लावली तर उत्तम.

नळी मात्र कापू नका. परवान्याशिवाय ती आखूड करणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. आणि रानडुकरावर बार काढण्याआधी वन खात्याची परवानगी घ्या. खांदाही वाचेल, पीकही वाचेल.