तापमानवाढ आणि बंगळूरची तळी

जागतिक तापमानवाढीचे कारण आता वादाचा विषय राहिलेले नाही. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि जमिनीकडून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी याचे गणित १८९६ सालीच मांडले होते. यंत्रयुगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता; आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. हे सारे शाळेच्या पुस्तकातही असते, तेव्हा त्यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. वाढलेली उष्णता बंगळूरला कोणत्या वाटेने गाठते, हे पाहणे अधिक निकडीचे आहे. ती पाण्याच्या वाटेने येते. म्हणूनच तिला तोंड देण्याची तयारी या शहराने आपल्या तळ्यांपासून सुरू केली पाहिजे, हेच या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. अशी हवा जमिनीतली ओल झपाट्याने शोषते, आणि साठलेले बाष्प सुटते तेव्हा पाऊस कोसळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरने दोन्ही टोके पाहिली. सरकारी आकड्यांनुसार शहरातल्या सुमारे १३,९०० सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० कोरड्या पडल्या. २८ एप्रिलला पारा ३८.५ अंशांवर गेला. पाच आठवड्यांनी, २ जूनला, एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस पडला. जूनमधल्या एका दिवसाचा शंभराहून अधिक वर्षांतला तो उच्चांक होता. दोन वर्षे आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, आउटर रिंग रोडवरच्या संगणक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ट्रॅक्टरवर बसून कामावर जावे लागले होते. टंचाई आणि पूर ही दोन वेगळी संकटे वाटतात, पण दोन्हींचे मूळ एकच: पडलेले पाणी धरून ठेवायला जागा उरलेली नाही.

ही जागा एके काळी मुबलक होती. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या पठाराच्या कण्यावर वसले आहे. इथे मोठी नदी नाही. पडणारे पाणी वृषभावती, कोरमंगल-चल्लघट्ट आणि हेब्बाळ या खोऱ्यांतून खाली उतरते. १५३७ च्या सुमारास केंपेगौडांनी शहर वसवले तेव्हा तळीही बांधली. १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर इथे आली, तेव्हाचे बंगळूरही याच पाण्यावर जगत होते.

या तळ्यांची रचना थोडी सविस्तर पाहण्याजोगी आहे. खोऱ्याच्या वाटेत आडवा मातीचा बांध घालायचा. बांधाच्या पोटात पाणी सोडायची मोरी, तिला कन्नडमध्ये तूबु म्हणतात. आणि एका कडेला सांडवा, त्याला कोडी. वरचे तळे भरले की सांडव्यावरून जादा पाणी राजकालुवेत, म्हणजे मोठ्या नाल्यात, उतरे आणि खालच्या तळ्यात जाई. अशी साखळी डोंगरकण्यापासून दरीपर्यंत चाले. मोरी उघडण्याचा अधिकार नीरगंटीचा. कोणाच्या शेताला आधी पाणी, कोणाला नंतर, तुटीच्या वर्षी किती एकर भात लावायचा, हे त्याच्या सल्ल्याने ठरे. मोबदल्यात त्याला धान्याचा वाटा मिळे. उन्हाळ्यात तळे आटले की शेतकरी गाळ काढून शेतात टाकत. त्यामुळे तळ्याची खोली टिके आणि खताचा खर्च वाचे. तळ्याच्या झिरप्यावर आसपासच्या विहिरी भरत. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

नळाचे पाणी दुरून येऊ लागले आणि तळ्यांची गरज संपली असे लोकांना वाटू लागले. धर्माम्बुधी तळ्यावर मॅजेस्टिकचे बसस्थानक झाले, संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण. पावसाळ्यात मॅजेस्टिकला बसची वाट पाहणारा प्रवासी तळ्याच्या तळाशीच उभा असतो. (हशा) पाण्याची जुनी वाट मात्र बुजत नाही. तिच्यावर घर बांधले तर पाणी घरात शिरते. असलेली तळी फोडू नयेत, अशी शिफारस लक्ष्मण राव समितीने १९८० च्या दशकातच केली होती. तिच्यानंतरही अतिक्रमणे थांबली नाहीत.

आज शहराची तहान सुमारे १०० किलोमीटरवरच्या कावेरीवर भागते. हे पाणी सुमारे ५०० मीटर वर चढवावे लागते. पंपातली तूट न धरताही हजार लिटरमागे सव्वा युनिटाहून अधिक वीज लागते. पहिल्या चार टप्प्यांचे रोजचे १,४५० दशलक्ष लिटर पाणी धरले, तर निव्वळ चढणीला रोज जवळपास २० लाख युनिटे होतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या टप्प्याने त्यात ७७५ दशलक्ष लिटरांची भर घातली. या विजेत कोळशाचा वाटा आहेच. वापरलेले पाणी सांडपाणी होऊन उरल्यासुरल्या तळ्यांत जाते. तिथे प्राणवायू संपला की कुजण्यातून मिथेन सुटतो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. बेळ्ळंदूर तळ्यावर साबणाचा फेस रस्त्यापर्यंत उडाला, आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथे लागलेली आग विझवायला लष्कराचे जवान उतरले. शहराने तळे गमावले, आणि त्याच तळ्याने हवा तापवायला हातभार लावला.

यावर सभेतून एक आक्षेप आला: चार तळी राखून पृथ्वी थंड होणार आहे का? होणार नाही. कोळसा आणि तेल जाळणे कमी झाल्यावाचून तापमानवाढ थांबत नाही, आणि तळ्यांचा आग्रह त्याला पर्याय म्हणून धरलेला नाही. परंतु आजच सारा धूर थांबला तरी हवेत साठलेला वायू शतकानुशतके राहणार आहे. तोवर उन्हाळे आणि ढगफुटी सोसायच्या आहेतच. सोसण्याची ताकद तळ्यांतून येते. कावेरीवरचा भार कमी झाला की वीजही वाचते.

वेळ संपत आल्याने उपाय थोडक्यात. वीज: तुमकूरु जिल्ह्यातल्या पावगडचा २,०५० मेगावॉटचा सौरप्रकल्प दुष्काळी जमिनीवर उभा राहिला आहे, शहरातल्या छपरांवरही ते काम होऊ शकते. प्रवास: मेट्रो आणि बस यांना मोटारीपेक्षा प्राधान्य. पाऊस: ठरावीक आकाराच्या घरांना २००९ पासून पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे, टाकी आणि शोषखड्डा पावसाळ्यापूर्वी साफ केला तरच तो कायदा उपयोगी पडतो. सांडपाणी: जक्कूर तळ्यात प्रक्रियाकेंद्रातले पाणी आधी पाणवनस्पतींच्या पट्ट्यातून गाळून सोडले जाते, आणि कैकोंड्रहळ्ळीचे तळे नागरिकांच्या पुढाकाराने सावरले. या दोन्ही ठिकाणी जाऊन पाहता येते. राहिले राजकालुवे. ते मोकळे झाल्याखेरीज एकेकट्या तळ्याचे सुशोभीकरण व्यर्थ आहे, कारण वरून पाणी आले नाही तर बाकांनी आणि कारंज्यांनी तळे भरत नाही. घर किंवा भूखंड घेण्यापूर्वी महसूल खात्याच्या गावनकाशात त्या जागेवरून नाला जातो का, हे प्रत्येकाने पाहावे. आणि जात असेल तर ती जागा घेऊ नये.