पितृवंशांची शेकडेवारी : आयर्लंडचा दाखला



जुन्या मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत कुलवृत्तांतांचे जाडजूड ग्रंथ असतात. मूळ पुरुषापासून निघालेली वंशावळ त्यांत बापाकडून मुलाकडे उतरत येते. लेकीबाळींच्या वाट्याला फार तर एखादी ओळ येते. पुरुषाच्या शरीरातील वाय हे गुणसूत्र असाच एकमार्गी कुलवृत्तांत आहे. ते केवळ बापाकडून मुलाला मिळते आणि त्याचा बहुतेक भाग अदलाबदल न होता पुढच्या पिढीत जातो. पोथीची नक्कल करताना लेखनिकाचे एखादे अक्षर चुकावे आणि ती चूक पुढच्या सर्व प्रतींत उतरावी, तसे या गुणसूत्रात क्वचित घडलेले बदल वंशजांत टिकून राहतात. असा एखादा जुना बदल धारण करणाऱ्या सर्वांचा मिळून एक पितृवंशगट मानला जातो.

युरोपातील कोणत्या प्रदेशात कोणत्या गटाचे प्रमाण किती, याचे रंगीत नकाशे आता सर्वत्र पाहावयास मिळतात. ते पाहून अमुक लोक मूळचे, तमुक उपरे, असे निवाडेही सर्रास दिले जातात. त्यामुळे शेकडेवारी येते कोठून, हा प्रश्न केवळ संख्याशास्त्रज्ञांपुरता उरत नाही.

आयर्लंडचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. हिल, जॉबलिंग आणि ब्रॅडली यांनी २००० साली ‘नेचर’ या नियतकालिकात २२१ आयरिश पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी या पुरुषांची विभागणी आडनावांवरून केली. आयर्लंडमध्ये आडनावे सुमारे हजार वर्षांपासून बापाकडून मुलाकडे चालत आली आहेत, म्हणजे आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची वाट एकच. पश्चिमेकडील कॉनॉट प्रांतातल्या मूळ गेलिक आडनावांच्या पुरुषांत आज आर-१-बी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटाचे प्रमाण ९८.३ टक्के निघाले. इंग्रजी व स्कॉटिश मूळ असलेल्या आडनावांत ते बरेच कमी होते. हेच पुरुष केवळ सध्याच्या पत्त्यावरून मोजले असते, तर हा फरक पुसट झाला असता.

वायव्य इंग्लंडमधील विर्रल आणि पश्चिम लँकेशायर येथे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली. मध्ययुगीन कागदपत्रांत आढळणारी आडनावे असलेल्या पुरुषांत स्कँडिनेव्हियन पितृवंशाचा वाटा सुमारे निम्मा असल्याचा अंदाज आला. साध्या नमुन्यात तो कमी होता. औद्योगिक क्रांतीनंतर त्या भागात बाहेरून आलेल्या लोकसंख्येने जुने चित्र झाकून टाकले होते. दोन्ही आकडे खरेच आहेत. एक आजच्या रहिवाशांचा, दुसरा काही शतकांपूर्वीच्या.

नमुन्याच्या आकाराचा विचार तर पुष्कळदा कोणी करीतच नाही. २० पुरुषांपैकी ३ एका गटाचे निघाले, तर नकाशावर १५ टक्के असे छापले जाते. प्रत्यक्षात त्या प्रदेशातील खरे प्रमाण ३ पासून ३८ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. १,००० पैकी १५० निघाले, तर हाच पल्ला साधारण १३ ते १७ वर येतो. शुल्क भरून चाचणी करून घेणाऱ्या हौशी ग्राहकांच्या नोंदी जमवून संख्या मोठी करता येते खरी. पण ग्रंथालयात येणाऱ्यांनाच विचारून गावातील साक्षरतेचे प्रमाण काढावे, तसला तो प्रकार होतो. त्यातही एकाच आडनावाचे भाऊबंद मिळून चाचणी करतात आणि एकच घराणे दहादा मोजले जाते.

याहून मोठा धोका अर्थ लावण्यात आहे. वायव्य आयर्लंडमधील सुमारे पाचातला एक पुरुष एका विशिष्ट शाखेचा आहे, असे २००६ साली दिसून आले आणि परंपरेने पाचव्या शतकातला मानला जाणारा राजा नियाल याच्याशी ती शाखा जोडली गेली. राजवंशी म्हणवून घेण्याची हौस कोणाला नसते? पुढील सूक्ष्म परीक्षणांत मात्र त्या शाखेचा उगम नियालच्या कित्येक शतके मागे जातो असे दिसले. शिवाय दहा पिढ्यांमागे प्रत्येक माणसाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांपैकी एकाच पुरुषाची साक्ष देते.

कॉनॉटच्या ९८.३ टक्क्यांचेही तसेच झाले. इतके उच्च प्रमाण म्हणजे शेतीपूर्व काळातील आदिम युरोपीयांचा टिकून राहिलेला वारसा, असे २००० साली मानले गेले होते. पुढे जुन्या अस्थींतील डीएनए वाचता येऊ लागला. उत्तर किनाऱ्यालगतच्या रॅथलिन बेटावरील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या, कांस्ययुगातील तीन पुरुषांचा अभ्यास २०१५-१६ च्या सुमारास पुढे आला. ते तिघेही आर-१-बी गटाचे होते. त्यांच्याआधीच्या नवाश्मयुगीन आयरिश थडग्यांतील पुरुषांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, तेव्हा तेथे प्रामुख्याने आय हा निराळाच गट आढळला. म्हणजे ज्या गटाला मूळ रहिवाशांचा म्हटले जात होते, तो पहिल्या शेतकऱ्यांच्याही नंतर, कांस्ययुगाच्या आरंभाच्या सुमारास, बेटावर पसरला. २२१ पुरुषांची मोजणी आजही तशीच ग्राह्य आहे. तिचा इतिहास तेवढा नव्याने लिहावा लागला.