इंजिनिअर झाल्यावर पुढे काय?



पत्रिकेत आजच्या व्याख्यानाचा विषय 'इंजिनिअरिंगचे उच्च शिक्षण' असा भारदस्त छापला आहे. परंतु समोर जे पालक बसले आहेत, त्यांच्या मनातला प्रश्न त्याहून साधा आहे हे मी जाणून आहे. मुलगा बी. ई. झाला, पुण्याच्या एखाद्या कंपनीने बोलावलेही आहे. मग त्याने आणखी दोन वर्षे, आणि डॉक्टरेट म्हटली की वर आणखी चार-पाच वर्षे, शिकत का बसावे? धाकट्या बहिणीचे शिक्षण व्हायचे आहे, सोसायटीचे कर्ज डोक्यावर आहे, केळीच्या भावाचा भरवसा नाही. प्रश्न पैशाचा आहे, तेव्हा त्याला आधी पैशाचेच उत्तर दिले पाहिजे.

'गेट' नावाची एक परीक्षा दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास होते. बंगळूरची विज्ञान संस्था आणि सात आय. आय. टी. मिळून ती घेतात, आणि तिचे गुण तीन वर्षे चालतात. या गुणांवर एम. टेक.ला प्रवेश मिळाला, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते; त्याबदल्यात आठवड्यातून सुमारे आठ तास प्रयोगशाळेत किंवा वर्गात मदत करावयाची. डॉक्टरेटसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० व पुढे ४२,००० रुपये अशी आहे. म्हणजे चांगल्या संस्थेत गेलेल्या मुलाने घरून पैसे मागण्याचे फारसे कारण उरत नाही. हे मी मुद्दाम आकड्यांनिशी सांगतो, कारण "एवढा खर्च आम्हांस झेपणार नाही" असे म्हणून ज्यांनी हा विचार सोडला, त्यांपैकी कित्येकांनी खर्चाची चौकशीच केलेली नसते.

परंतु दुसरा एक मार्ग आहे, आणि तो घराजवळून जातो. 'गेट' न देता शेजारच्याच कॉलेजात एम. ई.ला नाव घालावयाचे, फी भरावयाची, विद्यावेतन नाही, आणि प्रबंध कसाबसा उरकावयाचा. नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापक होण्यास पदवी आणि पदव्युत्तर पदवी दोन्ही लागतात व त्यांपैकी एकीत तरी प्रथम वर्ग लागतो. तेवढी अट भागली की झाले, असा हिशेब. कोणाच्या घरची अडचण असेल तर मी त्याला दोष देणार नाही. पण ज्याला दुसरा मार्ग खुला आहे, त्याने हा धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या प्राध्यापकांनी चार वर्षे शिकवले त्यांच्याकडूनच पुन्हा दोन वर्षे तेच ऐकण्यात कोणाचा लाभ?

आपल्या भागाची गोष्ट पाहा. १९८३ च्या सुमारास बांभोरी, धुळे, फैजपूर येथे इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली, १९९६ मध्ये जळगावास सरकारी कॉलेज आले, २००१ मध्ये शिरपूरला निघाले. मधल्या काळात, १९९० मध्ये, जळगावास विद्यापीठही झाले. त्यापूर्वी मुलांना पुणे, मुंबई, नागपूर गाठावे लागे. पदवी अशी आपल्या दारी आली, ही मोठीच गोष्ट. आता प्रश्न आहे तो या कॉलेजांत उद्या शिकवणार कोण, आणि तो काय शिकून येणार, हा.

संशोधनाचा विषय कोठून आणावा, असे मुले विचारतात, आणि मग परदेशी नियतकालिके चाळून कोणी तरी आधीच चघळलेला विषय उचलतात. अहो, विषय पायाखाली आहे! पांझरा नदीवरची फड पद्धत घ्या. शेकडो वर्षांपूर्वीचे बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि सारे पाणी केवळ उताराने वाहणारे. गावाची जमीन फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. पाणी तुटपुंजे असेल त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून पडीक ठेवावयाचा. निरनिराळ्या फडांत एकेकाचे तुकडे असल्यामुळे तोटा एकट्याच्या माथी येत नाही. पाणी सोडावयास पाटकरी. यात जलशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, कायदाही आहे. तरुण विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीत लागले, तेव्हा आरंभीच्या कामांतच त्यांनी पांझरेच्या पात्रात नळाचे सायफन टाकले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी पाळीपाळीने पाणी देण्याची ब्लॉक पद्धत सुचवली. तिचे आणि फडाचे साम्य कोणत्या बाबतींत आहे व कोणत्या बाबतींत नाही, हा एक उत्तम प्रबंध होईल. (जाता जाता सांगतो, विश्वेश्वरय्या स्वतः पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकले ते म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर.)

तसेच सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी. यावल-रावेरकडे विहिरी आणि बोअर खोल खोल गेल्या. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात मे २०२५ मध्ये झाला. ते पाणी जमिनीत कोठे, किती आणि किती वेगाने मुरेल, हे मोजावयास माणसे लागतील. केळी काढल्यावर मागे राहिलेल्या खोडांचा धागा, ठिबकच्या नळ्यांत साचणारा क्षार, साक्रीकडच्या सौर पट्ट्यांवर बसणारी धूळ; प्रत्येकात दोन-चार डॉक्टरेट दडल्या आहेत.

विषयाइतकाच मार्गदर्शक महत्त्वाचा. माझ्या मते संस्थेच्या नावापेक्षाही अधिक. त्यांच्या हाताखालची मुले किती वर्षांत बाहेर पडली आणि आज कोठे आहेत, हे आधीच्या विद्यार्थ्यांना एकट्याने गाठून विचारावे. पोरगी सोयरिकीला देताना आपण जेवढी चौकशी करतो, तिच्या निम्मी तरी करावी. पैसे भरले की निबंध छापणारी नियतकालिके हल्ली पुष्कळ झाली आहेत. जो मार्गदर्शक तिकडे बोट दाखवील, त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये.

मुलाखतीत आपली मुले इंग्रजीपायी गप्प बसतात. घरी अहिराणी, शाळेत मराठी, आणि समोर पाच अपरिचित प्राध्यापक! यावर माझा उपाय असा, की बी. ई.चा आपला प्रकल्प प्रथम आईला अहिराणीत समजावून सांगावा. तिला कळला, म्हणजे तो आपल्याला कळलेला आहे. मग मोडक्या इंग्रजीतही सांगता येतो. परीक्षकांना व्याकरणाशी फारसे कर्तव्य नसते.

प्राध्यापकीविषयी खोटी आशा दाखवणार नाही. नियमाने सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होते; अनेक विनाअनुदानित कॉलेजांत हातात पडणारा आकडा वेगळाच असतो, आणि तोही वेळेवर पडेल असे नाही. नेमणूक घेण्यापूर्वी तेथल्या शिक्षकांना पगाराची तारीख विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. वरच्या पदांसाठी डॉक्टरेट लागतेच, म्हणून नोकरी धरून पुढे पाहू म्हणणाऱ्याने ती पुढे ढकलू नये. शिकवणे, घर आणि प्रबंध हे तिन्ही एकदम ओढताना माणूस दमतो, आणि त्यात प्रबंधच मागे पडतो.

मुलींच्या पालकांना एकच विनंती. विद्यावेतन मिळत असता "लग्नाचे वय" म्हणून मुलीला एम. टेक.पासून परत बोलावू नका. स्थळे दोन वर्षे थांबतात, 'गेट'चे गुण तीन वर्षांनी मावळतात.

अर्ज साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरात भरावे लागतात. जी मुले यंदा तिसऱ्या वर्षात आहेत, त्यांनी गणिताची वही आजच वर काढावी. व्याख्यानानंतर मी अर्धा तास येथेच बसणार आहे. ज्यांना विचारावयाचे असेल त्यांनी प्रकल्पाचे कागद घेऊन यावे.